अर्क तपासताना एमटीटीवर डोळे झाकून विसंबू नकोस

येऊरच्या वनस्पतींचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो का, हे तुला एमटीटी चाचणीने बघायचंय. एमटीटी हे पिवळं रसायन; जिवंत पेशी ते जांभळं करतात, आणि त्या रंगावरून जिवंत पेशी मोजतात. येऊरचं जंगल ठाण्याला लागून असलं तरी ते राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडू नकोस.

एमसीएफ-७ पेशी (स्तनाच्या कर्करोगाच्या) ९६ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटमध्ये, प्रत्येक वेलला साधारण ५,००० टाक. रात्रभर चिकटू दे, मगच अर्क घाल. अर्क ज्यात विरघळवतोस तो डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत, आणि नुसत्या डीएमएसओच्या वेल हव्यातच.

खरी गोची पुढे आहे. अर्कातले पॉलिफिनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी आकड्यांत जिवंत दिसतात. म्हणून बिनपेशींच्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून आधी बघ. जांभळं झालं, तर अर्क काढून पेशी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) हलकेच धू, मग एमटीटी घाल. नाहीतर सरळ एसआरबी कर; त्या चाचणीत पेशींमधली प्रथिनं रंगवून मोजतात. सोबत एमसीएफ-१०ए या स्तनाच्याच, पण कर्करोग नसलेल्या पेशी लाव. त्याही तेवढ्याच मरत असतील, तर तो अर्क नुसता विषारी आहे.