वाचक विचारतात: तबकडी, फुगा आणि शुक्राची चांदणी

प्रश्न: मुलगा बारावीला आहे, अभ्यास सोडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अमेरिकन पायलट लोकांचे यूएफओचे, म्हणजे उडत्या तबकड्यांचे, व्हिडिओ बघत बसतो. म्हणतो तिकडच्या मिलिटरीला सगळं माहितीये पण दाबून ठेवतात. खरंच कधी नीट चौकशी झालीये का, की नुसत्या गप्पा?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, चौकशी झाली आणि चांगली वीसेक वर्षं चालली. अमेरिकन हवाईदलाने १९४८ ला प्रोजेक्ट साइन काढलं, पुढे त्याचं ग्रज झालं, आणि १९५२ ते १९६९ प्रोजेक्ट ब्लू बुक. एकूण १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. आता उलगडा झाला नाही म्हणजे परग्रहावरचे पाहुणे आले असं कुणी लिहून दिलेलं नाही हं, बऱ्याचदा माहितीच अपुरी असते.

पण दाबून ठेवतात हे मुलाचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडू नका. ७ जानेवारी १९४८, केंटकीतला गॉडमन हवाईतळ. दुपारी आकाशात काहीतरी मोठं, चकचकीत दिसलं म्हणून तिथूनच चाललेल्या मस्टँग विमानांना सांगितलं की जरा बघा काय आहे. बाकीचे मागे फिरले, कॅप्टन थॉमस मँटेल मात्र ऑक्सिजन नसताना वर वर चढत गेला, बहुतेक शुद्ध हरपली आणि विमान कोसळलं. वय फक्त २५, महायुद्धातून सुखरूप परत आलेला माणूस. हवाईदलाने आधी सांगितलं की तो शुक्राच्या मागे गेला. भरदुपारी शुक्र! तो तेव्हा आकाशात होता हे खरं, पण दिवसाउजेडी तो इतका मोठा कसा दिसणार, लोकांनी विश्वास ठेवला नाही आणि बरोबरच केलं. पुढे ब्लू बुकचे प्रमुख एडवर्ड रूपेल्ट यांनी फाईल परत उघडली तेव्हा बोट गेलं नौदलाच्या स्कायहूक फुग्याकडे. तो प्रचंड मोठा, फार उंच जाणारा आणि त्या काळी गुप्त. म्हणजे दडवलेलं होतं ते घरचंच, आणि त्याची खबर ना मँटेलला, ना तपास करणाऱ्यांना. माझं तरी मत असं की संशयाचं अर्धं रोप या गुप्ततेनेच लावलं.

गंमत म्हणजे आपल्याकडे उलटं झालं. २०१२-१३ मध्ये लडाखला पँगाँग तलावाच्या बाजूला आपल्या जवानांना रोज प्रकाशाचे ठिपके दिसायचे, चिनी ड्रोन असतील म्हणून सहा महिन्यांत ३२९ नोंदी केल्या. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं, तर निघाले गुरू आणि शुक्र. इथे मात्र शुक्राचंच उत्तर खरं!

मुलगा बघतो त्या व्हिडिओंपैकी तीन पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, २०२० ला स्वतःच अधिकृतपणे दिलेत. अमेरिकन सरकारच्या २०२१ च्या यूएफओ अहवालात १४४ घटना होत्या, खात्रीने ओळखता आली फक्त एक, आणि तो हवा जात असलेला मोठा फुगा होता. परत फुगाच.

त्याला म्हणावं व्हिडिओ बघतोसच तर ब्लू बुकच्या फायलीही वाच, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सगळ्यांसाठी खुल्या आहेत. पण परीक्षा झाल्यावर.