१२ व्होल्टवरून ५ व्होल्ट: रेग्युलेटर निवडताना

रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग, घेण्याआधी आपल्या सर्किटला जास्तीत जास्त किती करंट लागतो ते पाहा, कारण निवड त्यावरच ठरते. ७८०५ सारखा लिनियर रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने घालवतो. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर अर्धा अँपिअर घेतला, तर उतरवायचे ७ व्होल्ट (१२ उणे ५) गुणिले ०.५, म्हणजे ३.५ वॅट त्या एवढ्याशा चिपमध्ये जिरतात आणि हीटसिंक नसेल तर ती तापून स्वतःच बंद पडते. २०-३० मिलिअँपिअरच्या सेन्सरसाठी मात्र मी आजही ७८०५च सुचवेन, कारण त्याच्या आउटपुटमध्ये स्विचिंगचा गोंगाट (वेगाने चालू-बंद होण्यामुळे व्होल्टेजमध्ये येणारी थरथर) नसतो.

ईएसपी३२ (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर) बोर्ड किंवा लहान सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) असा जास्त करंट घेणारा भाग चालवायचा असेल, तर एलएम२५९६ चिपचे बक मॉड्यूल घ्या; ते वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवते, त्यामुळे कमी तापते. नवे मॉड्यूल किती व्होल्टवर लावलेले असेल याचा नेम नसतो, म्हणून लोड जोडण्यापूर्वी आउटपुटवर मल्टिमीटर धरून बरोबर ५ व्होल्ट येईपर्यंत निळ्या प्रीसेटचा (आउटपुट व्होल्टेज ठरवणाऱ्या छोट्या रेझिस्टरचा) स्क्रू फिरवा. त्याला बरेच फेरे द्यावे लागतात, पण ही पायरी कृपया कधीही गाळू नका. मॉड्यूलच्या माहितीत ३ अँपिअर लिहिलेले असले, तरी सलग वापरात २ अँपिअरच्या आत राहणे बरे. सर्व्हो सुरू होताना करंट उसळतो, त्यामुळे त्याच्या जवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा.