शपथ मोडली की मोडायला लावली?

प्रश्न: आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन फाशांवर गोष्ट खेळायची, तो) गेममध्ये माझा पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा आहे, लॉफुल गुड, म्हणजे नियम पाळणारा आणि भला. मागच्या सेशनला एका दरोडेखोराने तलवार टाकली, गुडघ्यावर बसला आणि शरण आलो म्हणाला. सोडला तर तो जाऊन टोळी घेऊन येणार आणि गाव जळणार हे डीएमने (गोष्ट आणि नियम चालवणाऱ्याने) आधीच दाखवून ठेवलेलं. बांधून ठेवू म्हटलं तर वेळ नाही, सोबत नेऊ म्हटलं तर घोडा नाही. शेवटी मी मारला. लगेच डीएम म्हणाला, तुझ्या सगळ्या पॉवर्स गेल्या, आता तू साधा फायटर. दोन वर्षं खेळतोय हे कॅरेक्टर. हे बरोबर आहे का?

उत्तर: तुमचा डीएम जुन्या पुस्तकाच्या जोरावर वाद जिंकेल, पण बरोबर नाही.

आधी जुनं पुस्तक बघू. पॅलाडिन आला १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत, आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये त्याच्यावर नियमांचा डोंगर रचला गेला. करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप मोजणारा आकडा) किमान १७, जादूच्या वस्तू जास्तीत जास्त दहा, कमाईचा दहावा हिस्सा दान, कायम सोबत राहायचं ते फक्त भल्या लोकांच्या. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं, परत मिळणे नाही. हे इतकं कडक का, तर पॅलाडिनला रोग होत नाही, नुसत्या हाताच्या स्पर्शाने तो जखमा बऱ्या करतो, वर खास घोडा मिळतो, आणि या सगळ्याची किंमत आकड्यात न लावता वागणुकीत लावली होती. कल्पना मस्तच आहे, फक्त ती किंमत वसूल करणारा डीएम समोर पडद्याआड बसलेला असतो, आणि कधी वसूल करायची, किती करायची हे तोच ठरवतो, घोळ सगळा तिथे होतो. पन्नास वर्षं लोक यावर भांडतायत.

तुमच्या प्रसंगात दोन रस्ते होते आणि दोन्हीकडे खड्डा. सोडला असता तर "तुझ्यामुळे गाव जळलं" म्हणून पॉवर्स गेल्या असत्या, हे मी लिहून देतो. मग याला शपथ मोडणं कसं म्हणायचं, हा सापळा झाला. धर्मसंकट टाकू नये असं मी म्हणत नाही, उलट पॅलाडिन घेणारा माणूस त्यासाठीच घेतो, पण संकटातून निघायला एक महागडी का होईना वाट हवी. घोडा नसू दे, पण स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला चालवत नेता येईल एवढं तरी ठेवायचं. मग तुम्ही ती वाट टाळून तलवार चालवली असती तर पॉवर्स गेल्याचं तुम्हालाही पटलं असतं.

युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. "नरो वा कुंजरो वा" म्हणाला आणि रथ टेकला. आपण काय बोलतोय, कशासाठी बोलतोय हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून ते आपल्याला लागतं. आणि शिक्षा बघा ना, रथ टेकला, शेवटी थोडा वेळ नरक बघावा लागला, बस. युधिष्ठिरपण काढून घेतलं नाही कुणी.

नव्या नियमांमध्ये हे बरंच सुधारलंय. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत लॉफुल गुडची अट गेली, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शपथा आल्या, आणि सूडाच्या शपथेत तर दुष्टाला दया नाही असं स्पष्टच आहे, म्हणजे ती शपथ घेतली असती तर तुमच्या दरोडेखोराचा प्रश्नच वेगळा झाला असता. शपथ मोडली तरी आधी रात्रभर प्रार्थना, कबुली, उपास असलं प्रायश्चित्त, आणि पश्चात्तापच नसेल तरच पुढची भाषा. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या गेमच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने मला सगळ्यात आवडलेली गोष्ट केली, नियमांना वरखाली क्रम लावून टाकला. त्यांचंच उदाहरण आहे, दुष्ट राजा विचारतो निर्वासित तुझ्या देवळात लपलेत का, तर पॅलाडिन खोटं बोलू शकतो, कारण निरपराधांचा जीव हा नियम खरं बोलण्याच्या वर आहे. एवढ्या एका ओळीने किती टेबलांवरची भांडणं वाचली असतील!

आता करायचं काय? डीएमशी खेळाच्या बाहेर बोला, सेशन चालू असताना नाही. दोन गोष्टी मागा. एक, प्रायश्चित्ताची मोहीम, म्हणजे पॉवर्स परत मिळवणं हीच गोष्ट होईल आणि कॅरेक्टर फुकट जाणार नाही. दुसरी, इथून पुढे फासे टाकायच्या आधी एक वाक्य, "हे केलंस तर शपथ मोडेल, नक्की करतोस?" तुम्ही आठवड्यातून चार तास पॅलाडिन असता, तो चोवीस तास असतो, त्याला हे आतून कळणारच, मग तुम्हाला सांगण्यात डीएमचं काय जातं?

प्रश्न: गर्प्स या अशाच दुसऱ्या गेममध्ये मी जंटलमन्स कोड ऑफ ऑनर, म्हणजे सभ्य माणसाची आचारसंहिता घेऊन कॅरेक्टर बनवायचे दहा पॉइंट मिळवले आणि तलवारबाजीत टाकले. पाच महिन्यांत कोडमुळे एकदाही अडलो नाही. आता जीएम (इथला डीएम) म्हणतो तू पॉइंट फुकट लाटलेस. माझी काय चूक?

उत्तर: अर्धी चूक तुमची, अर्धी जीएमची, आणि त्याची अर्धी जरा मोठी.

गर्प्समध्ये कोड हा डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे कॅरेक्टरची उणी बाजू आहे, त्याचे पॉइंट मिळतात ते आधी घेतलेलं कर्ज समजा. पायरेटचा कोड उणे पाच, जंटलमनचा उणे दहा, शिव्हलरीचा उणे पंधरा, जितकं जास्त बांधून घ्याल तितके जास्त पॉइंट. तुमच्या कोडमध्ये दिलेला शब्द मोडायचा नाही, अपमान गिळायचा नाही, आणि समोरच्यापेक्षा सरस हत्यार घेऊन लढायचं नाही. मग पाच महिन्यांत कुणी तुमचा अपमानच केला नाही? समोरच्याची तलवार एकदाही तुटली नाही? हे प्रसंग आणायचं काम जीएमचं. पण तुम्हीही हात वर करून म्हणू शकला असतात की थांबा, याच्या हातात नुसता सुरा आहे, मी तलवार म्यान करतो. सांगायची वाट बघत बसलात, तिथे चुकलात.

दुसऱ्या गेममध्ये हे कसं करतात बघा. १९८५ च्या पेंड्रॅगनमध्ये स्वभावाच्या तेरा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. समजा तुमचा सरदार दयाळू १६, म्हणजे क्रूर ४. शत्रू पायाशी पडलाय, तुम्हाला मनातून त्याला संपवायचंय, जीएम म्हणतो टाक वीस बाजूंचा फासा. अकरा पडला. सोळाच्या आत, म्हणजे तुमच्या सरदाराने त्याला सोडलं, तुम्ही बसा कपाळाला हात लावून. पहिल्यांदा राग येतो खरं, कॅरेक्टर माझं आणि ठरवणार फासा? पण सोळापासून पुढे कीर्तीही मिळते, त्यामुळे लोक स्वतःहून अडकून घेतात. फेट नावाच्या गेममध्ये तर अडचणीचे पॉइंट आधी नाहीतच, स्वभावामुळे अडचणीत आलात की तेव्हाच्या तेव्हा एक फेट पॉइंट हातात, आणि नको म्हणालात तर उलटा तुम्ही द्यायचा. अडचण आली नाही तर मिळालं पण नाही, हिशोब जागेवर.

तुमच्या जीएमला गर्प्सच खेळायचं असेल तर खेळू दे, फक्त दर सेशनला कोडला एकदा तरी हात घालायचा असं ठरवून टाका. नाहीतर पॉइंट परत करा आणि तलवारबाजी कमी करा. बघू कुठला पर्याय आवडतो तुम्हाला.

प्रश्न: माझा चोर झोपलेल्या पहारेकऱ्याचा खिसा कापत होता तर पार्टीतल्या (आमच्याच गटातल्या) पॅलाडिनने माझ्यावरच तलवार उपसली. "माझं कॅरेक्टर असंच करेल" म्हणतो. दर वेळी हेच.

उत्तर: त्याचं कॅरेक्टर तसंच करेल, मान्य, पण ते कॅरेक्टर बनवलं कुणी? शपथ त्याने घेतलीय, तुम्ही नाही. दुसऱ्याला उपास घडवून आपल्याला पुण्य मिळत नाही. त्याला म्हणावं, तलवार उपसण्याऐवजी पहारेकऱ्याच्या उशाशी गुपचूप स्वतःची नाणी ठेव, तुझाही कोड राहील आणि आम्हालाही हसू येईल. आणि तुम्ही पण जरा, चोर घ्यायच्या आधी पार्टीत पॅलाडिन आहे हे दिसत नव्हतं का?

खिशात काय निघालं ते मात्र कळवा.