डब्याच्या वेळचा धम्म

प्रश्न : ताई, गेल्या दिवाळीनंतर इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. मन इतकं शांत कधीच झालं नव्हतं. घरी मात्र पहाटे ध्यानाला कशीबशी बसते आणि उठून पाच मिनिटं होत नाहीत तोच डब्यावरून मुलावर ओरडते. नवरा म्हणतो, ‘दहा दिवस जाऊन काय मिळवलंस?’ संध्याकाळचं बसणं तर जमतच नाही. सोडून देऊ का? – एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : सोडू नका. पण शिबिरातली शांतता घरी शोधणंही थांबवा. तिथे मौन, ताट आयतं, फोन कार्यालयात जमा. चिडायचं तरी कुणावर? डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्टच म्हटलंय की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसं एकत्र आली की त्याला पर्याय नाही. तुमची दोन माणसं म्हणजे तुम्ही आणि डबा न भरता मोजे शोधत बसलेला मुलगा.

मी जन्मभर कोषागारात बिलं तपासली, त्यामुळे मला सयाजी ऊ बा खिन फार जवळचे वाटतात. विपश्यना भारतात शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचे हे गुरू भिक्खू नव्हते, संसारी सरकारी अधिकारी होते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, 4 जानेवारी 1948 ला, ते तिथले महालेखापाल झाले. कचेरीतच कर्मचाऱ्यांना साधना शिकवायचे आणि पुढे एकाच वेळी अनेक खात्यांचा भार वाहिला. फायली सोडून डोंगरात गेले नाहीत. मार्चअखेर ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, हे काय काम आहे ते!

आता डब्याचं. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, केलेला एक उपदेश आहे. कोणतंही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून पाहा, यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का? आपण ‘आधी’वरच अडून बसतो. ते जमलं नाही की सगळं फसलं असं वाटतं. अहो, ‘करताना’ही पकडता येतं. माझ्या खिडकीशी एखादे पेन्शनर आजोबा तावातावाने बोलू लागले की माझे कान आधी तापायचे, मग जबडा आवळायचा, शब्द त्यानंतर यायचे. तुमचंही काहीतरी आधी तापत असेल, ते हुडका. शिबिरात चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायला शिकवतात ते याचसाठी. वाक्य निम्मं बाहेर पडलं असलं तरी उरलेलं गिळता येतं. तेवढी उसंत नसेल तर दोन-चार श्वास नुसते बघा.

आणि ‘केल्यावर’? तिथे तो उपदेश बारकाईचा आहे. वाईट विचार नुसता मनात आला असेल तर त्याची लाज वाटून पुढे सावध राहणं पुरे. पण हातून किंवा तोंडून काही गेलं असेल तर ते गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करायचं. घरात मी त्याचा अर्थ असा लावते : मुलगा शाळेतून आला की ‘सकाळी उगाच ओरडले रे’ एवढं म्हणा. ‘पण तू पण ना…’ हे शेपूट जोडू नका.

संध्याकाळी तास जमत नसेल तर अर्धा तास बसा. निजताना अंथरुणात पाच मिनिटं तरी कुणी अडवत नाही. सिन्नरहून इगतपुरी काही लांब नाही, वर्षातून एकदा जुन्या साधकांसोबत बसून या.

राहिले यजमान. गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्यं आहेत : बायकोचा मान राखावा, तिला हिणवू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा. त्यांना वाचून दाखवा. पाचवं दागिने घेऊन देण्याचं आहे, ते जरा मोठ्यांदा वाचा.