रविवारच्या निवांत सकाळी कोणते भक्तिसंगीत ऐकावे?

बेळगावातल्या घरी रविवारी सकाळी मन शांत करणारे कोणते भक्तिसंगीत लावावे, असे आपण विचारले आहे. माझी पहिली पसंती कुमार गंधर्वांच्या निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराला आळवणाऱ्या, भजनांना आहे. आपल्या शेजारच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या या गायकाला क्षयामुळे काही वर्षे गाता आले नाही. मध्य प्रदेशातील देवास गावी त्या सक्तीच्या विश्रांतीत कानी पडलेली माळव्यातील लोकगीते आणि पुढे त्यांनी आपलीशी केलेली नाथपंथीयांची भजने त्यांच्या गळ्यातून अशी उमटली, की दोन ओळींमधली शांतताही ऐकत राहावीशी वाटते.

त्यानंतर भीमसेन जोशींचे अभंग आणि त्यांनीच गायिलेली पुरंदरदासांची कन्नड पदे एकापाठोपाठ लावावीत. ज्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी ‘कानडा’ म्हटले, त्याची दोन्ही भाषांतील आळवणी आपल्या सीमाभागातील घरांत सारखीच आपली वाटते. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायिलेली शिवशरणांची, म्हणजे कर्नाटकातील शिवभक्त संतांची, कन्नड वचनेही अवश्य ऐकावीत.

शब्द नकोच असतील, तर बासरीवरील अहिरभैरव राग सकाळी फार प्रसन्न वाटतो. मात्र त्यातील संथ आलाप घाईने पुढे ढकलू नये.