तीन भेटी बहिऱ्या कानाशी

“डोक्यात गाठ आहे, आणि डॉक्टर म्हणतात, थांबा. थांबायचं म्हणजे काय, ती वाढायची वाट बघायची?”

अकॉस्टिक न्यूरोमाचं, म्हणजे कानामागच्या नसेवरच्या गाठीचं, निदान झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. ईएनटी डॉक्टरांनी समजावलेलं असतं, पण ‘गाठ’ हा शब्द ऐकला की पुढचं डोक्यात शिरत नाही. म्हणून दत्तूभाऊंबद्दल लिहिते. नाव आणि खुणा बदलल्या आहेत.

दत्तूभाऊ एसटीत कंडक्टर, वय 47. उजव्या हातात तिकिटाचं मशीन, म्हणून फोन कायम डाव्या कानाला. वर्षभर त्यांना वाटत होतं, समोरचाच पुटपुटतोय. आवाज यायचा, शब्द लागायचे नाहीत. मग त्याच कानात लांबवर कुकरची शिट्टी वाजत राहावी तसा आवाज सुरू झाला. ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओग्राम झाला, एमआरआय झाला आणि नसेवर 11 मिलिमीटरची गाठ निघाली. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू, असं डॉक्टर म्हणाले.

पहिल्या भेटीला वहिनी सोबत होत्या. फोन त्यांनी काढूनच घेतला होता. “ह्या मोबाइलनंच घात केला, मॅडम.”

हा आरोप मी प्रत्येक घरात ऐकते. मोबाइल आणि डोक्यातल्या गाठी यांवर 13 देशांनी मिळून केलेल्या ‘इंटरफोन’ अभ्यासातून असा ठाम संबंध काही निघाला नाही. युरोपातल्या अडीच लाखांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या ‘कॉसमॉस’ अभ्यासाचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. त्यातही फोनवर जास्त बोलणाऱ्यांत ही गाठ जास्त आढळली नाही. वहिनींना हे सांगितलं. फोन परत मिळाला, चेहरे मात्र तसेच राहिले.

दुसऱ्या भेटीत मी बाकीचं समजावलं. हा कर्करोग नाही, ती शरीरात पसरत नाही. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातल्या पेशींपासून ती तयार होते, आणि शेजारून ऐकण्याची नस जाते म्हणून कानाला त्रास. वाढली तरी बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि कित्येक गाठी वाढतच नाहीत. दोन्ही कानांना होणारा आनुवंशिक प्रकार वेगळा, म्हणून मुलीची काळजी नको. दत्तूभाऊ मान डोलवत होते. मला वाटलं, चांगलं चाललंय.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “मुलीला कधी सांगायचं ठरवलंत?”

“हो हो, गोळ्या वेळेवर घेतो.”

मी थांबले. “दत्तूभाऊ, मी काय विचारलं?”

त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ. “खरं सांगू का मॅडम? तुमचं निम्मं मला ऐकूच आलं नाही. तुम्ही डावीकडं बसता.”

तीन भेटी मी त्यांच्या बहिऱ्या कानाशी बोलत होते. इतक्या वर्षांचा अनुभव, भिंतीवर प्रमाणपत्रं, आणि खुर्ची चुकीच्या बाजूला. उठून मी ती उजवीकडे नेली. त्यानंतर ते जे बोलले, ते तोवरच्या तीन भेटींत मिळून बोलले नव्हते.

“मागून कुणीतरी ओरडतं, ‘थांबवा’. मी वळतो भलतीकडंच. परवा एक म्हातारी उतरायची राहिली. पुढच्या स्टॉपला उतरवली तर म्हणाली, कंडक्टर माजलाय.” डोळे पुसत म्हणाले, “वीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं.”

आवाज कुठल्या बाजूनं आला हे कळायला दोन्ही कान लागतात. एक गेला की माणूस बहिरा दिसत नाही, बेफिकीर दिसतो. गाठीची भीती दत्तूभाऊंना चारचौघांत बोलता येत होती. कानाची लाज त्यांनी घरातही लपवली होती. माणसाला घटना जितकी छळते, त्याहून ती घटना तो स्वतःला कशी सांगतो ते जास्त छळतं, असं मानणाऱ्यांतली मी. ‘मी आता कामाचा राहिलो नाही’ हे ते स्वतःला रोज पाळीभर सांगत होते.

मी विचारलं, “लाइन चेकिंग कधी येईल या धास्तीत रोज असता का?”

“छे! हिशेब बरोबर असला की येऊ दे कधीही.” मग स्वतःच हसले. “आणि हा एमआरआय तर तारीख सांगून येणारं चेकिंग.”

माझ्याकडे येणाऱ्या इतर रुग्णांना हे वाक्य मी अजून उसनं देते.

‘मग लगेच रेडिएशन घेऊन कान वाचवू’ हा हट्टही नेहमीचा. नॉर्वेत दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींच्या 100 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये आले. निम्म्यांना आधीच गॅमा नाइफ, म्हणजे नेमकं गाठीवर दिलेलं रेडिएशन, निम्म्यांवर नुसतं लक्ष. चार वर्षांनी रेडिएशन घेतलेल्यांच्या गाठी जास्त आटल्या होत्या, पण ऐकण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. लक्ष ठेवलेल्यांतल्या सुमारे 40 टक्क्यांना गाठ वाढल्यामुळे पुढे रेडिएशन घ्यावं लागलं, म्हणून एमआरआयची तारीख चुकवायची नाही. गाठ मोठी होऊन मेंदूच्या देठावर दाब देत असेल तर शस्त्रक्रिया टाळू नये. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तेव्हा तिच्याबद्दल सर्जनना आधीच मोकळेपणानं विचारा.

आणि ज्याचा एकच कान अचानक बंद झालाय, त्यानं ‘मळ असेल’ म्हणून तेल घालत बसू नये, त्याच दिवशी ईएनटीकडे जावं. कारण बहुतेक वेळा ही गाठ नसते, पण अचानक गेलेल्या ऐकण्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतात.

दत्तूभाऊंना साध्या श्रवणयंत्रानं फारसं साधलं नाही. आवाज मोठा झाला, शब्द तसेच. बिघडलेल्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे नेणारं ‘क्रॉस’ यंत्र त्यांनी वापरून बघितलं, पण गाडीच्या खडखडाटात ते नकोसं झालं. शेवटी कामी आलं ते तोंड. “या कानानं ऐकू येत नाही, इकडून बोला,” हे वाक्य आम्ही दोघांनी खोलीत दहा वेळा म्हटलं. पहिल्यांदा बसमध्ये म्हटलं तेव्हा घाम फुटला, म्हणाले. समोरच्या बाईनं नुसती बाजू बदलली आणि दोन तिकिटं मागितली. घरी वहिनी जेवायला उजवीकडे बसू लागल्या. अंधारात तोल जातो म्हणून मोरीत हाताशी एक दांडी बसवून घेतली.

दुसऱ्या एमआरआयनंतर ते आले. आधी खुर्ची उचलून जागेवर लावली, मग पाकीट उघडलं. 12 मिलिमीटर. एवढा फरक मोजण्यातही पडतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

“म्हणजे वाढली की नाही वाढली?” वहिनींनी मला विचारलं.

“पुढचं चेकिंग एप्रिलात,” दत्तूभाऊ म्हणाले आणि पाकीट पिशवीत ठेवलं.