उष्णतेची कल्पना चुकीची, तरी नियम बरोबर?

प्रश्न: कार्नो उष्णतेला एक प्रकारचा द्रव समजायचा असं वाचलं. मग त्याचा नियम आजही कसा शिकवतात? आणि जूल, क्लॉशियस यांचं नेमकं काम काय?

उत्तर: वाचलंत ते खरंय. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरचं उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनांवरचं पुस्तक आलं 1824 मध्ये, आणि तेव्हा बहुतेकजण कॅलरिक मानायचे, म्हणजे वजन नसलेला, कधी नष्ट न होणारा द्रव. कार्नोचं म्हणणं, पाणी वरून खाली पडताना चाक फिरवतं तशी उष्णता गरमाकडून थंडाकडे जाताना इंजिन चालवते. यात चूक एकच, पण मोठी: पाणी खाली तेवढंच पोचतं, उष्णता मात्र तेवढीच पोचत नाही, तिच्यातला काही भाग कामात बदलतो.

पण त्याचा खरा युक्तिवाद या द्रवावर फारसा अवलंबून नव्हताच. तो म्हणाला, समजा उलटंही चालवता येईल अशा आदर्श इंजिनापेक्षा सरस इंजिन कोणी बनवलं, तर सरस इंजिनाच्या जोरावर आदर्श इंजिन उलटं फिरवायचं, उष्णता परत गरम बाजूला न्यायची आणि शिवाय काम फुकटात मिळत राहणार, जे शक्यच नाही. म्हणून कमाल कार्यक्षमता, म्हणजे उष्णतेतला जास्तीत जास्त किती भाग कामात बदलेल, ही फक्त गरम आणि थंड बाजूच्या तापमानांवर ठरते, हाच त्याचा नियम, आत वाफ असो की हवा. गरम बाजूला 500 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 30 असेल तर मर्यादा साधारण 61 टक्के, मग इंजिनिअर कितीही हुशार असू दे! मला तर हा विचार अजून थक्क करतो.

पुस्तकाकडे मात्र कोणी फारसं बघितलं नाही. 1834 मध्ये क्लापेरॉन या फ्रेंच इंजिनिअरने ते आलेखांतून मांडलं, पुढे विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचा लॉर्ड केल्विन, पॅरिसच्या दुकानांत ते शोधत फिरला तरी मिळालं नाही, पण क्लापेरॉनच्या लेखावरूनच त्याने 1848 मध्ये निरपेक्ष तापमानाची, म्हणजे कुठल्याही एका पदार्थावर अवलंबून नसलेली, मोजपट्टी सुचवली.

आता जूल, इंग्लंडचा. घरचा बिअरचा कारखाना, आणि मोजमापाला पठ्ठ्या भयंकर काटेकोर. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून पाणी किती तापतं ते त्याने मोजलं आणि काम व उष्णता ठराविक प्रमाणात एकमेकांत बदलतात हे दाखवलं. (मायर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1842 मध्येच हे लिहिलं होतं, त्याला श्रेय फार उशिरा मिळालं.) थॉमसन पेचात पडला, कारण जूल खरा तर कार्नो खोटा असं दिसत होतं. 1850 मध्ये क्लॉशियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने गाठ सोडवली: काही उष्णतेचं काम होतं, उरलेली थंडाकडे जाते, आणि उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही. एवढं धरलं की कार्नोचा निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहतो.

कार्नो 1832 मध्ये कॉलऱ्याने गेला, वय फक्त 36. त्याची टिपणं छापली गेली 1878 मध्ये, आणि त्यांत दिसतं की कॅलरिक त्याने स्वतःच सोडून दिलं होतं, कामाच्या बदल्यात किती उष्णता याचा अंदाजही काढून ठेवला होता, जूलच्या कितीतरी आधी.